सहा नंबरचा शर्ट

शनिवारी सकाळी आमच्याकडे पोहे होतात आणि पोह्यांना द्रौपदीकाकू येतात. तीन दारं पलीकडे त्यांचं घर. सव्वानऊच्या सुमाराला मागच्या दाराने आत येतात, कोट खुंटीला लावतात आणि काही न विचारता हाताला काम घेतात. त्या दिवशी मेथी होती. माझा नवरा साकेत ग्लासगोहून येताना दोन जुड्या घेऊन आला होता. बार्नकेर्डीसारख्या समुद्रकाठच्या लहानशा स्कॉटिश गावात मेथी ही मिरवायची वस्तू, त्यामुळे काकू एक पान वाया जाऊ देत नव्हत्या. मी कांदा चिरत होते. आमची नऊ वर्षांची अन्वी सीरियलवर दूध ओतायला गेली. थोडं वाडग्यात पडलं, बाकीचं मेथीत.

"सॉरी आई! मी मोठा मॉफट केला!"

आमच्या गावात कुणाच्या हातून असं काही झालं की 'मॉफट' केला म्हणतात. पोस्टमनने शेजारच्याचं पत्र आपल्या दारात टाकलं, मॉफट. चर्चच्या जत्रेत बक्षिसाचा केक भलत्याच बाईच्या हातात गेला, मॉफट. बारा वर्षांपूर्वी आम्ही इथं राहायला आलो तेव्हा मला वाटलं, इथल्या बोलीतला काहीतरी जुना शब्द असेल. ते एका माणसाचं आडनाव आहे हे फार उशिरा कळलं.

काकूंनी फडक्याने मेथी टिपली. "बाळा, तसं म्हणू नये."

"पण आजी, स्कूलमध्ये सगळे म्हणतात."

"म्हणू देत. तू नको म्हणू. माणूस आहे तो. याच गावात राहतो."

एवढ्यात पुढचं दार वाजलं. बेल असताना मुठीने दार ठोकणारी दोनच माणसं मला ठाऊक आहेत आणि दारात ती दोन्ही उभी होती. बुटका टॅम, रिटायर्ड बस ड्रायव्हर. उन्हाळा असो की बर्फ, गळ्यात क्लबचा मरून मफलर. आणि उंच, वाकलेला युअन, पूर्वी शाळेचा केअरटेकर, कानात मशीन. दोघं पन्नास वर्षं फुटबॉल ग्राउंडवर शेजारीशेजारी बसतात आणि पन्नास वर्षांत त्यांचं कशावरही एकमत झालेलं नाही.

"मिसेस जी इथं आहेत ना?" टॅम म्हणाला. "त्यांच्या दारावर पाच मिनिटं ठोकत होतो. ह्याला वाटलं, गेल्या."

"मी म्हटलं, बाहेर गेल्या असतील," युअन म्हणाला. "गेल्या असं म्हणालो नाही."

मिसेस जी म्हणजे आमच्या द्रौपदीकाकू. आडनाव गजभिये. चाळीस वर्षांपूर्वी गावाने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं.

दोघं आत आले, बूट काढले, टेबलाशी बसले. त्यांचं बोलणं मी माझ्या मराठीत देते आहे. मुळातलं इंग्रजी मला अजूनही कधीकधी दोनदा ऐकावं लागतं.

प्रकरण असं होतं. बार्नकेर्डी थिसल या आमच्या गावच्या क्लबला यंदा शंभर वर्षं झाली. क्लब एवढासा, हवा बरी असली तर चारशे माणसं मॅचला येतात, त्यातली पन्नास तरी तिथल्या गरम 'पाय'साठी, म्हणजे मटण भरलेल्या पेस्ट्रीसाठी. पण शंभर वर्षं ही शंभर वर्षंच. क्लबहाउसच्या भिंतीवर एक लाकडी फळा लागणार होता आणि त्यावर आजवरच्या सर्वोत्तम अकराजणांची नावं सोनेरी अक्षरांत येणार होती. अक्षरं काढणारा पेंटर सोमवारी यायचा होता. दहा नावं ठरली होती. उरला होता सहा नंबर, लेफ्ट हाफ, म्हणजे मधल्या फळीत डावीकडे खेळणारा.

"दहा नावं ठरायला चार महिने लागले," टॅम म्हणाला. "गोलकीपरवरच एक अख्खा महिना."

"कारण तू त्या सिगारेटवाल्याला आत घ्यायला निघाला होतास."

"गोलपोस्टमागे सिगारेट ठेवायचा, कबूल. पण बॉल आला की हात मोकळे असायचे!"

"एकदा नव्हते. नेटला भोक पडलं होतं."

"ते नेट जुनं होतं!"

मी पोह्यांच्या बश्या पुढे ठेवल्या. टॅमने सवयीने मिरच्या वेचून युअनच्या बशीत टाकल्या. मग सेंटर फॉरवर्डला असलेल्या खाटकाची गोष्ट निघाली. म्हणे त्याच्या पोटावर आपटून दोन गोल झाले होते, आणि पोटाने केलेला गोल धरायचा की नाही यावर दोघं पुन्हा भांडले. अन्वी कान टवकारून ऐकत होती. काकू मात्र खाली बघून पानं खुडत होत्या.

शेवटी युअनने चमचा खाली ठेवला. "कमिटीत सहा नंबरला दोन नावं आहेत. हॅरी बेग आणि ग्रेगर मॉफट. पाच मतं इकडे, पाच तिकडे. मत न दिलेला एकच आजीव सभासद उरलाय. तुम्ही."

काकू या क्लबच्या आजीव सभासद कशा, ते सांगायला हवं, कारण त्यांनी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही.

त्या मूळच्या नागपूरच्या. नवरा सुखदेव, दवाखान्यातल्या लॅबमध्ये टेक्निशियन. एक्याऐंशी साली त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली आणि एकतीस वर्षांच्या काकू, कडेवर धम्मशीला, ट्रंकेत बाबासाहेबांचा फोटो आणि पितळी डब्यात भाजणी घेऊन या वाऱ्याच्या गावात उतरल्या. पहिली तीन वर्षं त्या दुकानदार सोडून कुणाशी बोलल्या नाहीत, दुकानदाराशीही बोटानेच. सुखदेवकाका मात्र तिसऱ्याच शनिवारी ग्राउंडवर गेले, गोलमागे थर्मास घेऊन उभे राहिले आणि तिथलेच झाले. क्लबचे कपडे धुणाऱ्या बाईंचं कंबरेचं हाड मोडलं, सेक्रेटरी काळजीत पडला, तेव्हा काका बोलून गेले, "माझी बायको बघेल." घरी येऊन त्यांनी भीतभीत सांगितलं. काकू म्हणाल्या, "आणा."

तेव्हापासून एकतीस वर्षं दर रविवारी पंधरा शर्ट, पंधरा चड्ड्या आणि मोज्यांचे जोड त्यांच्या दारात येऊन पडत. काम थांबवलं तेव्हा क्लबने त्यांना आजीव सभासद करून घेतलं. मॅच त्यांनी फारशा पाहिल्या नाहीत. पण माणसं त्यांना कपड्यांवरून ओळखू यायची. कोण अंगावर पडून बॉल अडवतो, कोण नुसता बाजूने पळतो, कुणाच्या घरी बटण लावायला कुणी नाही. मोज्यांत चिखलाचे गोळे तसेच ठेवून देणारे आणि मोजे उलगडून, झटकून देणारे. सुखदेवकाका रात्री जेवताना मॅचची हकिगत सांगायचे आणि काकू मधेच म्हणायच्या, "आज तीन नंबर घाबरलेला होता." काका थक्क व्हायचे.

गेली सहा वर्षं काका नाहीत. धम्मशीला लीड्सला मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंग मॅनेजर आहे, दर रविवारी फोन करते आणि 'इकडे ये' म्हणते. काकू म्हणतात, "बघू."

"हॅरी बेग," युअन बोटं मोजत होता. "नऊ वर्षं खेळला. एकदा नाक मोडलं तरी बाहेर आला नाही. विषय संपला."

"बेग चांगला होता," टॅम म्हणाला. "पण मॉफट? डाव्या पायाने बॉल असा ठेवायचा, जसा कुणी पाळण्यात पोर ठेवतं. तू स्वतः म्हणायचास, हा वरच्या लीगमध्ये जाणार."

"म्हणायचो. एकोणनव्वदच्या फेब्रुवारीपर्यंत म्हणायचो."

ती मॅच गावातल्या पोरासोरांनाही पाठ आहे. कपची सेमीफायनल. क्लबच्या इतिहासात थिसल तिथवर एकदाच पोचली. समोरचा संघ फिकट निळ्या शर्टात, आपण दुसऱ्याच्या ग्राउंडवर पाहुणे, म्हणून मरूनऐवजी पांढरे घातलेले. एक-एक अशी बरोबरी. पाऊस आणि वर समुद्रावरून आलेलं धुकं. शेवटची दोन मिनिटं. मॉफटने आपल्या अर्ध्या मैदानात बॉल घेतला, डावीकडे वळला आणि एकही माणूस अंगावर नसताना, अगदी मोजून, समोरच्या संघाच्या माणसाला पास दिला. त्याने दोन पावलं टाकली आणि गोल केला. संपलं.

"कुणी म्हणतं दारू प्याला होता, कुणी म्हणतं विकला गेला होता," युअन म्हणाला. "मी तसलं बोलत नाही. पण सोन्याच्या अक्षरांत? माझे वडील त्या दिवशी ग्राउंडवर होते. त्यांची शेवटची मॅच. घरी येताना बसमध्ये एक शब्द बोलले नाहीत."

"मी पस्तीस वर्षं सांगतोय," टॅमने टेबलावर हात आपटला, "आपले शर्ट त्या दिवशी पांढरे नव्हते! निळसर होते!"

"सुरू झालं."

"मी गोलमागे होतो. सुखदेव माझ्या शेजारी होता."

"शेजारी कोण होतं ते नाही, खिशात काय होतं ते सांग. अर्धी बाटली होती. पेपरात फोटो आहे, शर्ट पांढरेच आहेत."

"फोटो काळापांढरा आहे, गाढवा!"

अन्वी फिस्सकन हसली. मी तिला डोळ्यांनी दटावलं आणि तेवढ्यात माझं लक्ष काकूंकडे गेलं. निवडलेली मेथी आणि देठं त्यांनी एकाच भांड्यात टाकली होती. एकतीस वर्षं पंधरा जणांचे मोजे न चुकता जोडीने लावणारी ही बाई.

"टॅम बरोबर सांगतो," त्या म्हणाल्या.

"ऐक!" टॅम.

"शर्ट निळे होते. मी केले."

दोघांना समजलं नाही. मला समजलं, माझी आई पण शर्टांना नीळ द्यायची. मग काकूंनी सांगितलं. आधी त्यांच्याकडे बघून इंग्रजीत, अडेल तिथे माझ्याकडे बघून मराठीत. मी मधले शब्द भरत गेले.

पांढरे शर्ट कपाटात पडून पडून पिवळट झाले होते. एवढी मोठी मॅच, दुसऱ्या गावचं ग्राउंड, सगळे बघणार. साबणाने ते उजळेनात. तेव्हा काकूंना नागपूरहून आणलेली नीळ आठवली. आपल्याकडे पांढरा कपडा शेवटच्या पाण्यात निळीतून काढला की लखलखतो. कपड्याच्या तुकड्यात चिमूटभर बांधायची, पाण्यात हलवायची, की झालं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी बाथटब भरला, पुरचुंडी सोडली, शर्ट बुडवले. धम्मशीलाने हाक मारली म्हणून खाली गेल्या. वर आल्या तर गाठ सुटलेली आणि टब आभाळासारखा.

"चार पाणी काढली," काकू म्हणाल्या. "रेडिएटरवर वाळवले. दिव्याखाली बरे दिसले. सकाळी सेक्रेटरी न्यायला आला. म्हणाला, वा, मिसेस जी, काय चमकतायत! मला बोलता आलं असतं तेव्हा. पण दुसरे शर्टच नव्हते. आणि वाटलं, थोडेसे तर निळे आहेत, कुणाला कळतंय."

"रेफरी काही बोलला नाही?" युअनने विचारलं. आवाज बदललेला होता.

"मला काय ठाऊक? कपडे बदलायच्या खोलीत बघून तो पांढरेच म्हणाला असेल. पण निळीचं कापड भिजलं ना, की रंग वर येतो. कोरडं असताना दिसत नाही तेवढा दिसतो. आणि त्या दिवशी पाऊस."

टॅमचं तोंड उघडंच राहिलं होतं. पस्तीस वर्षांनी भांडण जिंकलेल्या माणसाचा चेहरा कसा असेल असं मला कुणी विचारलं असतं तर मी आनंदी म्हटलं असतं. तसा नव्हता तो.

"त्याने शर्ट बघून पास दिला," टॅम हळू म्हणाला. "धुक्यात, डोळ्याच्या कोपऱ्यातून. त्याला आपला माणूस दिसला."

"रविवारी पिशवी आली," काकू पुढे म्हणाल्या. "सगळे शर्ट बोळे करून कोंबलेले. सहा नंबरचा वर होता. सरळ करून, घडी घालून. मोजे उलगडलेले. नेहमीसारखे. एवढं होऊनही. मी सोडा घातला, उकळतं पाणी घातलं, तीन दिवस रोज धुतले. बुधवारी पांढरेशुभ्र झाले. चोर पुरावा पुसतात, मी धुऊन टाकला."

मी उठून चहा ठेवला, कारण हात रिकामे ठेवणं जमेना.

"आणि सुखदेव?" टॅमने विचारलं. "तो तर मॉफटला माझ्याहून जास्त शिव्या घालायचा."

"जेवताना घालायचे. मी भाकरी वाढायचे. त्यांनाही नाही सांगितलं. कित्येकदा तोंडापर्यंत आलं. मग ते गेले आणि ते राहूनच गेलं."

"का नाही सांगितलं, मिसेस जी?" युअनने विचारलं. दोष देण्यासाठी नव्हे, त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

काकूंनी विचार केला. "या गावानं विश्वासानं माझ्या हातात दिलेली ती पहिली गोष्ट होती. मला वाटलं, हे म्हणतील, त्या इंडियन बाईनं हरवलं. पोरगी तुमच्या शाळेत जात होती. आणि मला वाटलं, त्याचं काय, तो इथलाच आहे, लोक दोन महिन्यांत विसरतील." त्यांनी अन्वीकडे पाहिलं आणि पुन्हा टेबलाकडे. "लोकांनी त्याचं नाव शिवीसारखं वापरायला घेतलं."

मॉफट त्यानंतर चार महिने खेळला. बॉल पायाशी आला की प्रेक्षक हुर्यो करायचे. पंचविसाव्या वर्षी त्याने बूट काढून ठेवले ते कायमचे. आज तो साठीला आलाय, कौन्सिलची गाडी चालवतो, थंडीत बर्फ जमू नये म्हणून पहाटे रस्त्यावर मीठ टाकत जाणारी. ग्राउंडच्या रस्त्यावरूनही जातो, पण आत कधी पाऊल ठेवत नाही. काकूंच्या दारावरून जाताना हात वर करतो. काकूही करतात. मी खिडकीतून कितीदा ते पाहिलंय आणि मला वाटायचं, म्हातारीची काय ही पहाटे उठायची सवय.

युअनने कानातलं मशीन काढलं, पुसलं, परत घातलं. "मी त्याला पबमध्ये पाठ दाखवली होती," तो म्हणाला. "त्या मॅचच्या आठवड्यात. तो माझ्याकडे येत होता, बहुतेक वडिलांची चौकशी करायला. मी वळून बसलो. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. एवढ्याशा गावात पस्तीस वर्षं न बोलायचं, तर त्यासाठी मेहनत घ्यावी लागते."

"आता मत बदललंस?" टॅम म्हणाला.

"गप रे."

पण टॅमला गप्प राहणं कधी जमलेलं नाही. त्याच्यात हळूहळू जान आली. "अहो मिसेस जी, हे ऐकून कुणी रागावणार नाही! सगळं गाव हसेल. मी शंभराव्या वर्षाच्या डिनरला उभा राहून सांगतो. बाथटबमध्ये बुडालेली सेमीफायनल! न्यूजलेटरमध्ये पहिल्या पानावर घालू. पुढच्या सीझनला निळे शर्ट काढू, तुमच्या नावाने. आणि फळ्यावर मॉफट, सहा नंबर. एका दगडात... काय सांगू!"

त्याच्या डोळ्यांत मायाच होती, ते दिसत होतं. त्याला ते ओझं काकूंच्या डोक्यावरून उतरवायचं होतं आणि त्याला येणारा एकच मार्ग म्हणजे त्याची गोष्ट करून टाकणं. हे लोक दुःखाशी असंच वागतात; पुष्कळदा त्याने बरंही वाटतं.

"तुमचं मत मॉफटला, असं लिहू ना?" युअनने खिशातून कमिटीचा कागद काढला. "सहा विरुद्ध पाच. माझं धरलं तर सात विरुद्ध चार."

काकूंनी कागदाकडे पाहिलं, पेन घेतलं नाही. त्या माझ्याशी मराठीत बोलल्या. "यांना नीट सांग गं. माझी इंग्रजी अशा वेळी धड चालत नाही."

"सांगते, काकू. बोला."

"सोन्याची अक्षरं चांगली आहेत म्हणावं. पण सोमवारी पेंटर आला, रात्री डिनर झालं, सगळे हसले, आणि मग त्याला कुणीतरी दुकानात सांगितलं, असं होऊ नये. त्याची गोष्ट सगळ्यांत शेवटी त्याच्याच कानावर पडायची नाही. मत मी देते. पण आज नाही. आधी दुसरं काम आहे."

मी सांगितलं. टॅमने मफलर सैल केला आणि खाली पाहिलं. "खरं आहे, हेन," तो म्हणाला. बाईमाणसाशी जवळिकीने बोलताना इथले पुरुष असं म्हणतात. टॅमने काकूंना तसं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

काकू उठल्या. नळाखाली हात धुतले, पदराच्या टोकाला पुसले, कोट घातला आणि वरपर्यंत बटणं लावली. बाहेर धुकं नव्हतं, ऊन पडलं होतं. त्या दारापाशी थांबल्या आणि या वेळी मला मधे न घेता थेट इंग्रजीतच बोलल्या, एकेक शब्द जागेवर ठेवत.

"युअन, तुझी गाडी आहे ना? मला ग्रेगर मॉफटच्या घरी सोड. तुम्ही बाहेर थांबा. आत मी एकटी जाईन."